बुधवारचा आठवा तास

पहिल्या दिवशी घंटा झाली की शाळा भरते, असं ज्यांना वाटतं त्यांना खुशाल वाटू द्यावं. खरी शाळा त्याच्या तीन आठवडे आधी भरते. चित्रकलेच्या हॉलमध्ये, फरशीवर, खिडक्या लावून आणि पंखा बंद ठेवून. तिथे एकही मूल नसतं. एक बाई असते, अनवाणी, आणि तिच्या पायांशी चारशे चाळीस रंगीत चिठ्ठ्या.

ह्या बाईंना शाळेत घड्याळबाई म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर नुसतंच बाई. शिकवत भूगोल, पण भूगोल काय, कुणीही शिकवतं. वेळापत्रक मात्र त्यांच्याशिवाय कुणाला जमत नसे. सव्वीस वर्षं पाचवी ते नववीच्या दहा तुकड्यांचे तास त्या एकहाती लावत आल्या होत्या. घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण अक्का, दोघीच. दोघींनी लग्न केलं नाही की ते झालं नाही, ही चौकशी करणारे कधीच दमून गप्प झाले होते.

सुट्टीत रोज दुपारी जेवण उरकून त्या शाळेत येत. शिपाईमामा कुलूप काढून देत आणि बाहेर स्टुलावर डुलक्या घेत बसत, कारण त्यांना आत यायची बंदी होती. एकदा त्यांनी उत्साहाने दार धाडकन उघडलं आणि वाऱ्याने आठवीचा अख्खा मंगळवार उडाला, तेव्हापासून. पिवळी चिठ्ठी गणिताची, निळी भाषेची, तपकिरी विज्ञानाची. एका बाईंची बस उशिरा येते म्हणून त्यांना पहिला तास नको. खेळाचे सर भरल्या पोटी मुलांना पळवत नाहीत म्हणून मधल्या सुट्टीनंतर मैदान नको. दोन शिक्षकांचं तीन वर्षं बोलणं नाही आणि शिक्षकखोलीत टेबल एकच, तेव्हा त्यांचे ऑफ तास एकत्र यायला नकोत. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, सगळं डोक्यात होतं.

तीन वाजत आले की बंद हॉलमध्ये हवा जड व्हायची. चिठ्ठ्यांमधून पाऊल जपून टाकता टाकता घड्याळबाईंना एक गुंगी यायची. झोप नव्हे, झोपेच्या उंबऱ्यावरचं काहीतरी. पिवळ्या चिठ्ठीपाशी थांबलं की फळ्यावर खडू टकटकताना ऐकू यायचा. निळीपाशी चाळीस मुलं एका सुरात कविता म्हणायची आणि मागच्या बाकावरचं कुणीतरी अर्धी ओळ मागे राहायचं. अजून उजाडलाही नाही असा एखादा गुरुवार त्यांना स्वच्छ दिसायचा. तिसरा तास संपतो, पाचवी प्रयोगशाळेतून जिना उतरते, आठवी चढते, मधल्या वळणावर धक्काबुक्की होते. त्या वाकायच्या, एक चिठ्ठी उचलून पलीकडे ठेवायच्या, आणि जिना रिकामा व्हायचा. नुसत्या बोटाने. वर्षभराची शाळा अशी पायाखाली वाहत असताना आपण तिच्यात नसून तिच्यावर तरंगत आहोत, असं त्यांना वाटायचं. हे त्या कुणाला सांगत नसत. सांगितलं असतं तर अक्काने त्यांना सरबत करून दिलं असतं आणि रक्तदाब तपासून घ्यायला लावलं असतं.

सगळ्यात पहिली ठेवायची ती हिरवी चिठ्ठी. बुधवार, आठवा तास, सातवी ब, चित्रकला. ह्याला बावीस वर्षं झाली होती. चित्रकलेचे सर कधी काही मागायचे नाहीत, पण एकदा रंगाने बरबटलेले हात मागे लपवत आले आणि म्हणाले होते, बाई, बुधवारी शेवटचा तास सातवीला द्याल का, तेव्हा हॉलमध्ये ऊन येतं. इतर दिवशी त्या वेळी हॉल गायनाला लागायचा, बुधवार तेवढा मोकळा होता. घड्याळबाईंना ती मागणी इतकी बिनकामाची वाटली की त्यांनी ती लगेच मान्य केली. तेव्हापासून ती चिठ्ठी आधी ठेवायची आणि तिच्याभोवती बाकीची शाळा रचायची, ही त्यांच्या हाताची सवयच झाली. त्या तासाला त्यांचा स्वतःचा ऑफ असायचा. शिक्षकखोलीत बसून त्या वह्या तपासायच्या. बावीस वर्षांत खाली हॉलमध्ये काय चालतं ते बघायला त्या एकदाही गेल्या नव्हत्या.

ह्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे सर निवृत्त होऊन मुलीच्या गावी गेले. मुलं कमी झाली म्हणून त्यांची जागाच भरायची नाही असं वरून ठरलं, आणि चित्रकलेचे तास वर्गशिक्षकांनी वाचनासाठी घ्यावेत असा कागद आला. दुसरी गोष्ट म्हणजे मुख्याध्यापिका बदलल्या. नव्या मोठ्या बाई वयाने लहान, चालायला झपाझप आणि मनाने वाईट नाहीत. त्यांनी घड्याळबाईंना बोलावून सरळ सांगितलं की जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात आता कॉम्प्युटर सगळ्या शाळांची वेळापत्रकं अर्ध्या दिवसात करून देतो. आपलीच शाळा राहिली आहे. तुमचा मान म्हणून ह्या वर्षी मी थांबवून धरलं आहे. तुमचं काम बिनचूक निघालं तर पुढेही कार्यालयाला नको म्हणून कळवीन, मात्र एक जरी चूक निघाली तर माझ्याकडे बोलायला तोंड राहणार नाही.

घड्याळबाईंना निवृत्तीला चार वर्षं होती. चार सुट्ट्या, चार वेळा ती फरशी. त्यांनी मान हलवली आणि त्या चपला काढून हॉलमध्ये शिरल्या. डबा उघडला आणि पहिली चिठ्ठी ठेवली.

चिठ्ठी हिरवी होती.

हाताने ठेवली, डोक्याला पत्ताच नव्हता. मग त्यांनी डब्यातल्या उरलेल्या हिरव्या चिठ्ठ्या वेचून लिफाफ्यात भरल्या, लिफाफा कपाटात टाकला, आणि ह्या वर्षी चित्रकला नाही असं मनाशी म्हणत त्या हिरव्या चिठ्ठीभोवती तीन आठवडे शाळा रचत राहिल्या. शेवटी तपासणी. त्यांची तपासणी म्हणजे लोखंडी काम. एक माणूस एकाच वेळी दोन वर्गांत नाही ना? नाही. दोन वर्ग एका मैदानावर नाहीत ना? नाहीत. प्रत्येक तुकडीचे चव्वेचाळीस तास भरले? भरले. स्वच्छ अक्षरात प्रत काढून त्यांनी ती मामांच्या हाती शिक्षण कार्यालयात धाडली आणि घरी जाऊन नऊ तास झोपल्या.

शाळा उघडायच्या आधी कार्यालयाचं चार पानी पत्रक घरोघर येतं. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजता, कुठल्या शाळेत कोण नवे शिक्षक, कुठल्या मुलींनी धावण्यात काय मिळवलं, विज्ञानमंडळ कधी, गायन कधी, आणि मागच्या दोन पानांवर बारीक टाइपात वर्गवार वेळापत्रकं. हे शेवटपर्यंत वाचणारी जिल्ह्यात एकच व्यक्ती असावी, ती म्हणजे अक्का. घरात शाळेत जाणारं मूल नाही, पण अक्का भिंग घेऊन पत्रकाचा फडशा पाडायची. चाळीस किलोमीटरवरच्या शाळेत पाण्याचे नळ बदलले की तिला समाधान वाटायचं.

शनिवारी संध्याकाळी ती अशीच वाचत बसली होती. घड्याळबाई भाजी निवडत होत्या.

"अगं, ते तुमचे चित्रकलेचे सर परत आले का?"

"कुठले परत येतात. मुलीकडे मजेत आहेत."

"मग सातवी बला बुधवारी चित्रकला कोण शिकवणार? त्यांचं भूत?"

घड्याळबाईंनी पत्रक ओढून घेतलं. भिंगाची गरज पडली नाही. बुधवारच्या शेवटच्या चौकटीत त्यांना ते आधी दिसलं आणि मग वाचता आलं. त्यांची तपासणी दोन ठिकाणी असलेला माणूस पकडायची. कुठेच नसलेला माणूस कुणाला आडवा येणार? तो सगळ्या चाळण्यांतून अलगद खाली उतरला होता.

"आता गं?" अक्काने विचारलं.

"आता काय. सांगायचं मोठ्या बाईंना."

हे बोलायला सोपं होतं. रविवार त्यांनी उद्या सांगू म्हणत काढला. सोमवारी शाळा उघडली, आणि मोठ्या बाईंच्या दाराशी नव्या प्रवेशांची एवढी गर्दी होती की दोनदा जाऊन त्या परत आल्या. खरं म्हणजे गर्दी नसती तरी परतल्या असत्या. शिपाईमामांना मात्र त्यांनी सांगून टाकलं. मामांनी जिन्याखालच्या फळ्यावरचं वेळापत्रक निरखून बघितलं आणि तोडगा काढला, की चित्रकलेवर वाचनाची पट्टी चिकटवा, मी डिंक आणतो, कोण बघतंय. घड्याळबाईंनी पट्टी कापलीसुद्धा. मग ती पर्समध्ये टाकली. घरोघरच्या पत्रकांवर पट्ट्या चिकटवत कोण फिरणार?

त्या दोन दिवसांत शाळा अशी चालली की बघत राहावं. नव्या बुटांनी लंगडणारी पोरं, कव्हराच्या वासाच्या वह्या, खिडकीच्या बाकावरून भांडणं, सुट्टीत उंच झालेले आणि ते कुणीतरी बोलून दाखवावं म्हणून ताठ चालणारे मुलगे. घंटा झाली की सगळं उठायचं, वळायचं, उतरायचं, चढायचं, आणि जिन्यात कुणी कुणावर आदळायचं नाही. दरवर्षी ह्या दोन दिवसांत घड्याळबाई गॅलरीत उभ्या राहून आपलंच स्वप्न दुसऱ्यांदा बघत. ह्या वेळी त्यांना फक्त एक चौकट दिसत होती, आणि ती जवळ येत होती.

बुधवारी आठव्या तासाची घंटा झाली. त्यांनी बगलेत गोष्टींची पुस्तकं मारली आणि त्या खाली गेल्या.

हॉलमध्ये बाक नव्हते. सातवी बची अडतीस मुलं सतरंजीवर मांडी घालून बसली होती. प्रत्येकासमोर कोरा कागद, कागदावर पेन्सिल. कुणीही बसवलेलं नसताना एवढी शांत मुलं त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

उशीर केला तर आपण काहीतरी सबब सांगू हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून दारातच बोलल्या.

"चित्रकलेचे सर आता ह्या शाळेत नाहीत. हा तास चुकून लागलाय. चूक माझी आहे. आपण आता वाचन करू."

कुणी हललं नाही. पुढच्या रांगेत चष्म्याची दोरी गळ्यात अडकवलेली एक मुलगी होती. तिने वर पाहिलं.

"पण बाई, आत्ता ऊन येईल ना."

"येऊ दे. त्याचं काय?"

मग मुलीने समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. तिचा दादा सातवीत होता तेव्हा त्याने घरी सांगितलं होतं. बुधवारी सर पहिली दहा मिनिटं काही करू द्यायचे नाहीत. पेन्सिलीला हात लावायचा नाही, बोलायचं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत राहायचं. जो आधी पेन्सिल उचलेल तो बाद. गेली दोन वर्षं ती ह्या तासाची वाट बघत होती.

दहा मिनिटं काहीच न करणं ही घड्याळबाईंच्या मते शिक्षा होती. त्यांच्या हातात सतत काहीतरी असायचं, वही नाहीतर भाजी. पण अडतीस जण भिंतीकडे बघत होते आणि आता पुस्तकं वाटायला लागलं तर आपणच बाद होऊ असं त्यांना उगीच वाटलं. पुस्तकं खिडकीत ठेवून त्या सरांच्या स्टुलावर बसल्या.

आधी काहीच झालं नाही. मग पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची एक पट्टी आली आणि भिंतीच्या पायथ्याशी पडली, एखादी मोजपट्टी कुणी टाकून द्यावी तशी. ती चढायला लागली. चढताना दिसत नव्हती, पण जरा वेळाने बघितलं तर चढलेली असायची. भिंतीला जुन्या रंगाचे पोपडे होते, खिळ्यांची भोकं होती, आणि ऊन पोचलं की एकेकाला सावली फुटत होती. बाहेरच्या झाडाची पानं पट्टीत उतरली, तीही फक्त सावलीनेच, आणि पाण्यात असल्यासारखी हलू लागली. हवेतली धूळ सोन्याची झाली. मुलांचे चेहरे एकेक करून उजळत मागे गेले, पहिली रांग, दुसरी, तिसरी. कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. तो आपलाच आहे हे घड्याळबाईंना थोड्या वेळाने कळलं.

हेच ते, त्यांच्या मनात आलं. बावीस वर्षं मी हे इथे ठेवत होते, आणि एक जिना उतरून आले नाही.

त्याच वेळी दारात मोठ्या बाई येऊन उभ्या राहिल्या. पहिल्या आठवड्यात त्या सगळे वर्ग फिरत होत्या. अडतीस मुलं आणि एक ज्येष्ठ शिक्षिका भिंतीकडे टक लावून बसली आहेत, फळा कोरा, पुस्तकं खिडकीत. त्यांनी भिंतीवर काय आहे ते पाहिलं. काहीच नव्हतं.

"काय चाललंय?" त्यांनी हळूच विचारलं.

चष्म्याच्या दोरीच्या मुलीने ओठांवर बोट ठेवलं. मुख्याध्यापिकेला. कुणीतरी फुस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मोठ्या बाईंना रागवावं की काय ते कळेना, आणि नकळत त्याही दोनेक मिनिटं उभ्या राहिल्या. तेवढ्यात ऊन त्यांच्या खांद्यापर्यंत आलं. मग त्या स्टुलापाशी येऊन पुटपुटल्या की हा तुमचा नवा उपक्रम दिसतो, छान आहे, कार्यालय सारखे उपक्रम मागतं, यादीत घालू का?

ही अशी आयती सुटका होती. हो म्हणायचं, बस. चूकच उपक्रम ठरली असती, यादीत गेली असती, वर कौतुक झालं असतं, आणि पुढच्या सुट्टीत त्या अनवाणी ह्याच फरशीवर उभ्या असत्या. घड्याळबाईंनी तोंड उघडलं. समोर अडतीस जोड डोळे आता भिंतीकडे नव्हते. दहा मिनिटांपूर्वी ह्याच मुलांना त्या काय म्हणाल्या होत्या, ते प्रत्येकाला पाठ होतं.

"उपक्रम नाही. वेळापत्रकातली चूक आहे. सर नसताना मी त्यांचा तास लावला. शनिवारपासून मला माहीत आहे, तुम्हाला सांगितलं नाही."

मोठ्या बाईंनी मान डोलावली, उद्या भेटा म्हणाल्या, आणि पाय न वाजवता निघून गेल्या. मुलांनी पेन्सिली उचलल्या.

दुसऱ्या दिवशीची भेट पाच मिनिटांत आटोपली. मोठ्या बाई ओरडल्या नाहीत, हेच जड गेलं. दिल्या शब्दाप्रमाणे त्यांनी कार्यालयाला कळवलं होतं. पुढच्या वर्षीपासून वेळापत्रक तिकडून येईल. राहता राहिला हा तास. कॉम्प्युटरमध्ये आत्तापासून नोंदी करायच्या आहेत आणि तो रिकामा रकाना घेत नाही. वाचन घालून वर्गशिक्षिकेचं नाव टाकू का?

"चित्रकलाच राहू द्या," घड्याळबाई म्हणाल्या. "नाव माझं टाका."

"तुम्हाला चित्र काढता येतं?"

"नाही."

मोठ्या बाईंनी नाव टाकलं.

त्या संध्याकाळी अक्काने त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि नंतर तसंच उचलून नेलं. घड्याळबाई खिडकीशी बसून होत्या. ती फरशी आता दुसरं कुणी बघणार असतं तर त्यांना हेवा वाटला असता. पण कुणीच बघणार नव्हतं. अर्ध्या दिवसात सगळं होईल आणि अजून न उजाडलेल्या गुरुवारातून कुणीही चालणार नाही. ह्याचं त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं.

बुधवार मात्र येत राहिले. घड्याळबाईंनी फळ्यावर काढलेल्या झाडाला समोच्च रेषा दिसतात असं मुलांचं मत पडलं. माणूस काढला तर त्याचं बेट व्हायचं. तेव्हा त्यांनी काढणं सोडलं आणि मुलांच्या मागे उभं राहून बघणं धरलं. आधी दहा मिनिटं, मग चित्र. चष्म्याच्या दोरीची मुलगी चार बुधवार एकच खिळ्याचं भोक काढत होती आणि चौथ्या बुधवारी ते इतकं खोल झालं की शेजारचा मुलगा त्यात बोट घालून बघायला गेला.

सहाव्या-सातव्या बुधवारी त्यांच्यातली भूगोलाची बाई जागी झाली. तिरीप लवकर येऊ लागली होती. घंटा होते तेव्हा ती अर्धी भिंत चढून गेलेली असे. दिवस लहान होत होते, सूर्य बाजूला सरकत होता. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. आणखी महिन्याभरात ऊन सातव्या तासालाच येऊन जाईल, आणि त्यानंतर तर समोरच्या पाण्याच्या टाकीआडून बाहेरच पडणार नाही. आठव्या तासाला भिंत नुसती भिंत. म्हणजे दरवर्षी अर्धं वर्ष हा तास चुकीच्या जागी होता, आणि सरांनी कधी चकार शब्द काढला नव्हता.

रविवारी सकाळी त्यांनी सरांना फोन लावला. सर बहुधा दात घासत होते. घड्याळबाईंनी ख्यालीखुशाली न विचारता हिशेब वाचून दाखवला आणि विचारलं की हे तुम्हाला माहीत होतं का?

"पहिल्या वर्षापासून," सर म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही तो तास हलवला असता."

"हलवलाच असता. पहिलं सत्र आठवा, दुसरं सत्र सातवा. एका चिठ्ठीचं काम होतं."

"म्हणून तर."

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"ऊन नसलं की काय करायचात तुम्ही मुलांचं?"

"काही नाही. दहा मिनिटं तशीच बसवायचो. मग म्हणायचो, काढा. ती नसलेलं ऊन काढायची. पहिल्या वेळी रडकुंडीला येतात. तुम्ही घाबरू नका."

"मी कशाला घाबरू," घड्याळबाई म्हणाल्या, आणि कागद जवळ ओढून त्यांनी विचारलं की रडकुंडीला नेमकी किती मुलं येतात, आणि किती वेळ.